धर्मादाय रुग्णालयातील निर्धन रुग्ण निधी: अर्ज नेमका कुठे अडतो?

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम 41कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, तर 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. उत्पन्नमर्यादा अनुक्रमे 1,80,000 आणि 3,60,000 रुपये आहे. अर्ज रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाकडे करावा.

बहुतेक अर्ज उत्पन्नाच्या पुराव्यापाशी अडतात. तहसीलदारांचा दाखला, शिधापत्रिका किंवा दारिद्र्यरेषेखालील कार्ड यांवरून पडताळणी करण्याची तरतूद असूनही अनेक ठिकाणी दाखल्याचाच हट्ट धरला जातो आणि रुग्ण अतिदक्षता विभागात असताना घरच्यांना तलाठ्याच्या अहवालासाठी गाव गाठावे लागते. हे अन्यायकारक आहे. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घेणे आणि अनामत रक्कम न मागणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. कागदपत्रांची पूर्तता नंतर होऊ शकते. दाखला आधीच काढलेला असेल, तर त्यावरील मुदत जरूर पाहावी, कारण ती बहुधा 31 मार्चला संपते आणि फेब्रुवारीत काढलेला दाखला वर्षभर चालेल असे समजणारे एप्रिलमध्ये परत पाठवले जातात. आधारवर सासरचे आणि शिधापत्रिकेवर माहेरचे नाव असेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र सोबत ठेवावे.

दुसरी अडचण म्हणजे ‘निधी संपला’ हे उत्तर. निर्धन व दुर्बल रुग्ण वगळून उरलेल्या सर्व रुग्णांच्या एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम रुग्णालयाने स्वतंत्र ‘आयपीएफ’ (निर्धन रुग्ण निधी) खात्यात जमा करायची आणि त्याचा हिशेब दरमहा धर्मादाय आयुक्त कार्यालयाला द्यायचा असतो. म्हणजेच शिल्लक किती, याची नोंद असलीच पाहिजे. जमा आणि खर्च यांचा मेळ बसत नसेल, तर रुग्णालयाने ती बाब देखरेख समितीपुढे मांडावी, अशी सोय योजनेतच आहे. म्हणून असे उत्तर तोंडी स्वीकारू नये, नकार कारणासह लेखी मागावा.

दुर्बल घटकांतील रुग्णांना संपूर्ण उपचार मोफत मिळत नाहीत. औषधे, उपभोग्य साहित्य आणि शरीरात बसवायची उपकरणे यांचे बिल खरेदी किमतीने लावले जाते आणि त्यातील किमान 50 टक्के रक्कम त्यांना भरावी लागते. त्यामुळे बिल तपशीलवार घ्यावे आणि लावलेली किंमत खरेदीचीच आहे ना, हे विचारावे.

अर्जाच्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करताना ती प्रत आणि लेखी नकार जोडावा.