कापूस : नत्रखताचा परिणाम

कापसाचे झाड जमिनीतून जे नत्र शोषते, त्याचा मोठा वाटा अखेरीस प्रथिनांच्या रूपाने सरकीत साठतो. धागा जवळजवळ शुद्ध सेल्युलोजचा असल्याने त्यात नत्र नाममात्र असते. म्हणून खताने उत्पन्न वाढते ते मुख्यतः झाडावर टिकणाऱ्या बोंडांच्या संख्येमुळे. बोंडाच्या वजनातील फरक त्या मानाने थोडा असतो, आणि सरकी भरदार झाल्याने रुईचा उतारा (कापसातून निघणाऱ्या रुईचे प्रमाण) कधीकधी किंचित घटतोही.

नत्र कमी पडल्यास झाड जुन्या पानांतील नत्र नव्या वाढीकडे वळवते. त्यामुळे खालची पाने आधी पिवळी पडतात, झाड खुरटते आणि पाते (फुलकळ्या) लागणे लवकर थांबते. मात्रा अधिक झाल्यास पाने गर्द व लुसलुशीत होऊन ओळी दाटतात, तुडतुडे व मावा वाढतात, खालच्या बोंडांना हवा न मिळाल्याने बोंडसड होते आणि वेचणी लांबते.

धाग्याच्या प्रतीविषयी अभ्यासकांत एकमत नाही. लांबी फूल उमलल्यानंतरच्या साधारण पहिल्या तीन आठवड्यांत ठरते, व पुढे धाग्याची भिंत जाड होत जाते. लांबी व ताकद प्रामुख्याने वाणावर अवलंबून असतात. नत्राची उणीव असलेल्या जमिनीत खताने लांबी थोडी सुधारते, इतकेच म्हणता येते. मायक्रोनेअर या धाग्याच्या मापाबाबत मात्र काही प्रयोगांत घट, काहींत वाढ, तर काहींत कोणताच फरक आढळलेला नाही. हे मूल्य तलमता व पक्वता या दोहोंचा एकत्रित निर्देश करते. त्यामुळे आकडा कमी आला, तर धागा तलम आहे की अपक्व, हे केवळ त्यावरून कळत नाही. जादा नत्राने उशिरा लागलेली बोंडे पुरती पिकत नाहीत व त्यामुळे मायक्रोनेअर उतरते, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य दिसते. विरोधी निष्कर्षांचे मूळ बहुधा वेचणीच्या वेळेत असावे.

पाने लाल पडण्याच्या ‘लाल्या’ विकृतीचे कारण काहीजण मॅग्नेशियमची उणीव, तर काहीजण रात्रीची थंडी मानतात. बोंडे भरताना पानांतील नत्र ओढले जाते, हा घटकही त्यात महत्त्वाचा समजला जातो.

गोव्यात कापूस व्यापारी पीक नाही. परसातील देवकापूस देवाच्या वातींपुरता. झुआरीनगरच्या कारखान्यात 1973 पासून खतनिर्मिती होत असून तेथील युरियात 46 टक्के नत्र असते. तथापि सुमारे 3000 मिलिमीटर पावसात मोरड (उंचावरील) जमिनीच्या जांभ्या मातीतून नायट्रेटरूपी नत्र झपाट्याने झिरपून जाते. विदर्भाच्या काळ्या जमिनीत पाणी साचल्यास तेच नत्र वायुरूपाने उडते. त्यामुळे विदर्भातील खताच्या मात्रा व हप्ते गोव्यात जसेच्या तसे लागू पडत नाहीत.