मालकाचा माणूस ते कंपनीचा माणूस

नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. तिचा कारभार ज्यांच्या हाती दिला ते बेझनजी दादाभाई मेहता आले होते रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून. सुताशी त्यांचा कधी संबंध आलेला नव्हता. यंत्रांचं बघायला जेम्स ब्रुक्सबी होते. गिरणी मेहतांच्या मालकीची नव्हती, कापडातलं शिक्षण नव्हतं, तरी कारभारी तेच. आज ज्याला आपण ‘प्रोफेशनल’ म्हणतो, तो इथे पहिल्यांदा डोकावतो असं मला वाटतं.

कारण तेव्हाची रीत वेगळीच होती. मुंबईच्या गिरण्या ‘मॅनेजिंग एजंट’ चालवत. भागधारक कोणीही असोत, सूत्रं एजंट घराण्याकडे, आणि बापामागून मुलाकडे. सुरुवातीच्या कित्येक करारांत कमिशन ठरलेलं असे ते उत्पादनावर, पौंडामागे पाव आणा. गिरणी बुडत असली तरी एजंटाचा पाव आणा सुटत नसे! असा माणूस स्वतःला गिरणीचा नोकर कशाला समजेल? तो शेठ. आणि पगारी मॅनेजर कितीही हुशार असला तरी शेठचा माणूस.

ही घडी मोडली ती कायद्याने. १९५६च्या कंपनी कायद्याने एजंटांना लगाम घातला आणि ३ एप्रिल १९७० पासून ही पद्धतच बंद झाली. दरम्यान १९६१ साली हिंदुस्तान लिव्हरच्या अध्यक्षपदी प्रकाश टंडन आले, त्या खुर्चीवरचे पहिले भारतीय. पंजाबातल्या कालवे खात्यातल्या इंजिनिअरचा मुलगा, विलायतेत शिकलेला चार्टर्ड अकाउंटंट, १९३७ पासून त्याच कंपनीत. ‘कंपनीचा माणूस’ ही ओळख वारशाने आलेली नव्हती, चोवीस वर्षांच्या नोकरीने आलेली होती. त्यांच्यानंतर ती खुर्ची वसंत राजाध्यक्षांकडे गेली. त्याच १९६१ साली कोलकाता आणि अहमदाबादच्या आयआयएम, म्हणजे व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्था, स्थापन झाल्या; पुढे कारभारीपणाची पदविकाही मिळू लागली.

‘सीईओ’ हा शब्द मात्र मराठी कानाला आधी ओळखीचा झाला तो जिल्हा परिषदेमुळे. तिथे १९६२ पासून मुख्य कार्यकारी अधिकारी आहेतच. कंपन्यांमध्ये बरीच वर्षं ‘एमडी’च, म्हणजे मॅनेजिंग डायरेक्टरच, चालायचा. कंपनी कायद्यात सीईओची व्याख्या आली ती थेट २०१३ साली, आणि तीही मजेशीर: कंपनीने ज्या अधिकाऱ्याला सीईओ म्हणून नेमलं, तो सीईओ.