अल्बर्ट हॉल आणि त्याचे रॉकवाले : दीडशे वर्षांच्या सोहळ्यामागची पार्श्वभूमी

२९ मार्च २०२१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलला दीडशे वर्षे पूर्ण झाली, तेव्हा टाळेबंदीमुळे त्याच्या पाच हजारांहून अधिक खुर्च्या रिकाम्या होत्या. सोहळ्याचा प्रत्यक्ष आरंभ इंग्लंडमधील निर्बंध उठले त्या दिवशी, १९ जुलैला, संगीतकार डेव्हिड अर्नोल्ड यांच्या नव्या रचनेने झाला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये 'द हू' हा बँड कर्करुग्ण तरुणांच्या मदतीसाठीच्या मैफलीत येथे उभा राहिला. त्यातील गायक रॉजर डॉल्ट्री अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि गिटारवादक पीट टाउनशेंड शहात्तर वर्षांचे. मे महिन्यात सत्त्याहत्तर वर्षांचे गिटारवादक एरिक क्लॅप्टन आले. वर्धापनाच्या सोहळ्यात घरातील ज्येष्ठांना मान द्यावा तशी ही हजेरी वाटते. पण ज्या पिढीच्या कलावंतांना आज हा मान मिळतो, त्याच पिढीतील अनेकांना या सभागृहाने एकेकाळी दाराबाहेर काढले होते. ते दार पुन्हा उघडले, ते अभिरुची बदलली म्हणून, असे सहसा सांगितले जाते. या लेखकाच्या मते त्यात हिशेबाचा आणि ध्वनिशास्त्राचा वाटा अभिरुचीपेक्षा मोठा आहे, आणि तो समजण्यासाठी इमारतीपासूनच सुरुवात करावी लागते.

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनातून १ लाख ८६ हजार पौंडांचा नफा उरला. राणी व्हिक्टोरिया यांचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या आग्रहावरून त्या पैशातून साउथ केन्सिंग्टन भागात जमीन घेण्यात आली, आणि तेथे संग्रहालये, महाविद्यालये व एक भव्य सभागृह उभारण्याची कल्पना पुढे आली. डिसेंबर १८६१ मध्ये प्रिन्स अल्बर्ट वारले. ते काम प्रदर्शनाचे एक संयोजक हेन्री कोल यांनी नेटाने पुढे रेटले आणि आराखडा लष्करी अभियंते फ्रान्सिस फोक यांनी केला. १८६५ मध्ये फोकही गेले, तेव्हा बांधकाम हेन्री स्कॉट या दुसऱ्या लष्करी अभियंत्याकडे आले. २० मे १८६७ रोजी कोनशिला बसवताना राणीने नियोजित नावाच्या आधी 'रॉयल अल्बर्ट' हे शब्द जोडले, आणि कला व विज्ञान यांसाठीचे सभागृह एका दिवंगत पतीचे स्मारक झाले.

पैसा उभा करण्यासाठी जी युक्ती योजली, तिचे परिणाम आजही भोगावे लागत आहेत. सुमारे तेराशे आसने प्रत्येकी शंभर पौंडांना ९९९ वर्षांच्या कराराने विकण्यात आली. ज्याने आसन घेतले त्याला, आणि त्याच्यानंतर त्याच्या वारसाला किंवा खरेदीदाराला, कार्यक्रमांना बसण्याचा हक्क मिळाला. म्हणजे सभागृह उघडण्यापूर्वीच त्यातील मोठा भाग विकला गेला होता, आणि त्या आसनांच्या तिकिटांचे उत्पन्न व्यवस्थापनाच्या हाती येणार नव्हते. आज सभागृहाची क्षमता ५२७२ इतकी धरली जाते आणि त्यातील सव्वा हजारांहून अधिक आसने अजून खासगी मालकीची आहेत. सरकारकडून नियमित अनुदान न घेणाऱ्या या संस्थेला उरलेल्या खुर्च्यांवर आणि सभागृह भाड्याने देण्यावर संसार चालवावा लागतो.

दुसरी अडचण घुमटाची होती. लोखंड आणि काचेचा हा लंबगोल घुमट २१९ फूट लांब आणि १८५ फूट रुंद आहे, आणि आधाराचे खांब काढल्यावर तो जेमतेम पाच-सोळांश इंच खाली बसला, इतके त्याचे गणित चोख होते. आवाजाचे गणित मात्र साफ फसले. उद्घाटनाच्या दिवशी राणीला भावनावेगामुळे बोलता येईना, म्हणून युवराजांनी सभागृह खुले झाल्याचे जाहीर केले, आणि त्या समारंभातच प्रतिध्वनी सर्वांच्या लक्षात आला. ब्रिटिश संगीतकाराला आपली रचना दोनदा ऐकायला मिळण्याची खात्री फक्त अल्बर्ट हॉलमध्येच, हा विनोद पुढे कित्येक पिढ्या चालला. घुमटाखाली कापडी छत ताणून पाहिले, १९४९ मध्ये ते काढून नालीदार ॲल्युमिनियमचे पत्रे बसवले. पण खरा उतारा १९६९ मध्ये सापडला, जेव्हा छतापासून फायबरग्लासच्या मोठ्या तबकड्या टांगण्यात आल्या. लंडनकर त्यांना 'मशरूम' म्हणतात. प्रथम त्या १३५ होत्या; पुढील सुधारणांनंतर त्यांपैकी ८५ उरल्या आहेत.

या तबकड्या बसत होत्या त्याच सुमारास रॉक बँडही या घुमटाखाली गर्जू लागले होते. सुरुवात मात्र अगदी सौम्य होती. १५ सप्टेंबर १९६३ रोजी 'ग्रेट पॉप प्रॉम' या कार्यक्रमात बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स एकाच मंचावर आले, आणि ज्या सभागृहात १९४१ पासून 'प्रॉम्स' ही अभिजात संगीताची उन्हाळी मैफलमाला भरत होती, तेथे किंकाळ्यांनी कान बधिर होण्याची वेळ आली. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये 'यार्डबर्ड्स' या बँडबरोबर एकोणीस वर्षांचे क्लॅप्टन प्रथम येथे वाजवून गेले. १९६६ च्या मे महिन्यात अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलन यांनी विजेच्या गिटारसह केलेल्या दौऱ्याचा शेवटही येथेच झाला, आणि सप्टेंबरमध्ये रोलिंग स्टोन्सच्या मैफलीत चाहते थेट मंचावर चढले.

त्यानंतरची चार-पाच वर्षे व्यवस्थापनाच्या दृष्टीने तापदायक आणि संगीताच्या दृष्टीने अत्यंत समृद्ध होती. २६ जून १९६८ रोजी 'द नाइस' या बँडने मंचावर अमेरिकेचे रंगवलेले निशाण जाळले आणि त्यांच्यावर बंदी आली. नेमके एका वर्षाने, २६ जून १९६९ रोजी, 'पिंक फ्लॉइड'ने तोफांचे बार आणि गोरिलाच्या वेषातील माणूस यांच्यासह मैफल सजवली. त्यांनाही बंदीचा निरोप मिळाला. नऊच दिवसांनी 'द हू' आणि अमेरिकी रॉक-अँड-रोल गायक चक बेरी यांच्या संयुक्त कार्यक्रमात जुन्या रॉक-अँड-रोलच्या चाहत्यांनी नव्या बँडला गोंधळ घालून हैराण केले. याच काळात, २६ नोव्हेंबर १९६८ रोजी, क्लॅप्टन यांच्या 'क्रीम' या त्रिकुटाने येथे निरोपाच्या दोन मैफली केल्या, आणि ९ जानेवारी १९७० रोजी 'लेड झेपेलिन'चे गिटारवादक जिमी पेज यांनी आपल्या सव्विसाव्या वाढदिवशी येथे वाजवले. त्या रात्रीचे चित्रण तेव्हाच झाले होते. रसिकांच्या हाती ते अधिकृतपणे आले २००३ साली.

या सगळ्यांत २४ सप्टेंबर १९६९ ची रात्र वेगळी काढावी लागते, कारण त्या रात्री सभागृहाचे दोन वारसे समोरासमोर बसले. 'डीप पर्पल'चे ऑर्गनवादक जॉन लॉर्ड यांनी रॉक बँड आणि सिंफनी वाद्यवृंद यांच्यासाठी तीन भागांचा 'कन्चर्टो' लिहिला होता, आणि रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे संचालन माल्कम अर्नोल्ड यांच्याकडे होते. तालमींत वाद्यवृंदातील काही वादकांची नाराजी लपत नव्हती. या पोरांबरोबर आपण का बसावे, हा त्यांचा प्रश्न होता. अर्नोल्ड स्वतः नामांकित संगीतकार असूनही त्यांनी बँडची बाजू घेतली आणि वादकांना सुनावले, म्हणून तो प्रयोग पार पडला. रचनेत दोन्ही पक्ष आधी भांडतात, मग हळूहळू एकमेकांचे ऐकू लागतात, आणि शेवटी एकत्र वाजवतात. एका कागदी कल्पनेचे हे रूप थोडे बाळबोध आहे, हे मान्य करावे लागेल. तरी ज्या मंचावर ते सादर झाले, त्याच्या पुढील पन्नास वर्षांचा नकाशाच जणू त्यात आधी काढून ठेवला होता.

तो नकाशा खरा ठरायला वेळ लागला. ८ फेब्रुवारी १९७१ रोजी ठरलेला अमेरिकी रॉक संगीतकार फ्रँक झप्पा यांचा कार्यक्रम त्यातील काही शब्द अश्लील असल्याच्या कारणावरून रद्द झाला. झप्पा यांनी सभागृहाविरुद्ध दावा लावला, १९७५ मध्ये न्यायालयात गाण्यांचे शब्द वाचून त्यांचे अर्थ लावण्याचा विलक्षण प्रसंग घडला, आणि दावा फेटाळला गेला. त्याआधीच, जुलै १९७१ मध्ये, 'मॉट द हूपल' या बँडच्या मैफलीत प्रेक्षकांच्या उड्यांनी बॉक्सची, म्हणजे प्रेक्षागृहातील स्वतंत्र बैठक-कक्षांची, मोडतोड झाली आणि रॉकच्या कार्यक्रमांवर सरसकट बंदी घालण्यात आली. १९७२ च्या अखेरीस 'द हू'च्या 'टॉमी' या संगीतकथेचा वाद्यवृंदासह प्रयोग करण्याचे ठरले, तेव्हाही अल्बर्ट हॉलने नकार दिला आणि तो प्रयोग रेनबो थिएटरमध्ये झाला. पन्नास वर्षांनी त्याच बँडला सोहळ्याच्या वर्षात मंचावर पाहताना हा नकार आठवल्यावाचून राहत नाही.

ही बंदी केवळ कर्मठपणातून आली, असे म्हणणे व्यवस्थापनावर अन्याय करणारे होईल. बॉक्स आणि सज्जे एकोणिसाव्या शतकातील बसून ऐकणाऱ्या श्रोत्यांसाठी बांधलेले होते. तेथे शेकडो माणसे एका तालात नाचू लागली की काय होईल, याची धास्ती खरी होती. शिवाय ज्यांची आसने पिढीजात होती, त्यांना आपल्या बॉक्सची नासधूस परवडणारी नव्हती.

रॉकवरची ही सावली दाट असतानाच भारतीय संगीताला या घुमटाखाली जागा मिळत होती, आणि मराठी वाचकाचा या सभागृहाशी खरा संबंध तेथून सुरू होतो. १९७४ साली लता मंगेशकर यांची मैफल येथे झाली. दिलीपकुमार यांनी त्यांचा परिचय करून दिला आणि त्या मैफलीच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी पोचल्या. लतादीदी या सभागृहात कला सादर करणाऱ्या पहिल्या भारतीय, असे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. पण रविशंकर १९६० च्या दशकातच येथे सतार वाजवून गेले होते, त्यामुळे ते विधान जपून करावे. त्याच १९७४ च्या सप्टेंबरमध्ये बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन यांच्या पुढाकाराने रविशंकर यांचा मोठा भारतीय संगीत महोत्सव येथे झाला, आणि त्यात अल्लारखाँ, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया हे कलावंत होते. रॉकमधून आलेला माणूस या मंचावर परत आला तो भारतीय वादकांचा यजमान म्हणून, ही त्या काळाची गंमत आहे. हॅरिसन गेल्यावर बरोबर एका वर्षाने, २९ नोव्हेंबर २००२ रोजी, त्यांच्या स्मृत्यर्थ मैफलही येथेच झाली, आणि तिचा आरंभ भारतीय संगीताने झाला.

दरम्यान दोन्ही बाजू बदलल्या होत्या. रॉकचे श्रोते वयाने वाढले, नोकरीधंद्याला लागले, आणि बसून ऐकायला व चढ्या दराचे तिकीट घ्यायला तयार झाले. याचा सर्वांत मोठा लाभार्थी आणि सर्वांत मोठा पुरावा म्हणजे क्लॅप्टन. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ते दरवर्षी येथे मुक्काम ठोकू लागले. १९९० मध्ये अठरा आणि १९९१ मध्ये चोवीस रात्रींच्या मैफली झाल्या, आणि त्यांच्या एकूण मैफलींची संख्या आता दोनशेच्या पलीकडे गेली आहे. वर्षाकाठी काही आठवडे हमखास भरणारे सभागृह म्हणजे अनुदानाविना चालणाऱ्या संस्थेला किती मोठा आधार, हे नाट्यगृह चालवणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

दुसरा बदल इमारतीत झाला. १९९६ ते २००४ या काळात सभागृहाचे व्यापक नूतनीकरण झाले आणि दक्षिणेकडील पायऱ्यांखाली जमिनीच्या पोटात मालवाहू गाड्यांसाठी जागा तयार करण्यात आली. ऐकायला ही किरकोळ गोष्ट वाटते. पण रॉक मैफल म्हणजे ट्रकभर ध्वनिक्षेपक, दिवे आणि तारा, आणि हे सारे एका दिवसात आत आणून रात्री बाहेर काढता आले, तरच दुसऱ्या दिवशी दुसरा कार्यक्रम लावता येतो. पुढे २०१९ पर्यंत साडेचारशेहून अधिक ध्वनिक्षेपकांची कायमची यंत्रणा बसवण्यात आली, आणि मोठ्या आवाजाचा गोंगाट घुमटात फिरत राहण्याचा शतकभराचा दोष बराचसा आटोक्यात आला.

हे घडत असताना जुने बँड एकेक करून परत येत होते. १९७० मध्ये हरवलेली 'डीप पर्पल'च्या कन्चर्टोची स्वरलिपी मार्को द गूइ या डच संगीतकाराने ध्वनिमुद्रण ऐकून पुन्हा लिहून काढली, आणि सप्टेंबर १९९९ मध्ये, मूळ प्रयोगाला तीस वर्षे झाली त्या आठवड्यात, लंडन सिंफनी वाद्यवृंदाबरोबर त्याचे दोन प्रयोग झाले. या वेळी कोणी नाराज असल्याची चर्चा नव्हती. २००० साली 'द हू'ने कर्करुग्ण तरुणांसाठी पहिली मैफल केली. डॉल्ट्री यांच्या पाठबळाने ती दरवर्षीची मालिका झाली आणि तिच्यातून पुढे कोट्यवधी पौंडांचा निधी उभा राहिला. मे २००५ मध्ये 'क्रीम'चे तिघे, निरोप घेतला होता त्याच मंचावर, चार रात्री एकत्र आले. तेव्हा जिंजर बेकर पासष्ट, जॅक ब्रूस एकसष्ट आणि क्लॅप्टन साठ वर्षांचे होते. ब्रूस यकृत प्रत्यारोपणातून उठून आले होते. पिंक फ्लॉइडचे डेव्हिड गिलमोर २००६ मध्ये आले तेव्हा गायक डेव्हिड बोवी त्यांच्यासोबत गायला उभे राहिले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गिलमोर यांनी सहा रात्री येथे वाजवले.

जॉन लॉर्ड २०१२ मध्ये, ब्रूस २०१४ मध्ये आणि बेकर २०१९ मध्ये गेले. लॉर्ड यांच्या स्मरणार्थ एप्रिल २०१४ मध्ये झालेली मैफल अल्बर्ट हॉलमध्येच झाली, आणि 'डीप पर्पल'बरोबर त्या रात्री पुन्हा एक सिंफनी वाद्यवृंद मंचावर बसला होता.