‘प्री-व्होक’ या एका शब्दात अडकलेली आठवीची निवड

गोव्याच्या शाळांत दिव्यांग मुलांच्या पुढच्या रोजगाराचा विषय निघाला की ‘प्री-व्होक’ (प्री-व्होकेशनल, म्हणजे व्यवसायपूर्व शिक्षण) हा शब्द हमखास येतो. घोळही त्याच शब्दात आहे, कारण तो तीन अर्थांनी वापरला जातो.

१९७४ च्या केंद्रीय योजनेने दिव्यांग मुलांना नेहमीच्या शाळेची वाट खुली केली, पण कार्यानुभवाच्या तासाला त्यांनी काय करायचे हे ठरलेच नाही.

विशेष शाळेत प्री-व्होक म्हणजे मोठ्या मुलांचा वर्ग: मेणबत्त्या, कागदी पिशव्या, पणत्या. दहावीच्या परीक्षेत तो विशेष गरजांच्या मुलांना मिळणारा बदली विषय. २०२० च्या शैक्षणिक धोरणात मात्र तोच शब्द सहावी ते आठवीच्या सगळ्याच मुलांसाठी आला: दप्तराविना १० दिवस, स्थानिक कारागिरांसोबत.

महागात पडतो तो दुसरा, दहावीचा अर्थ. बदली विषयामुळे मूल दहावी पार करते, ही सोय खरोखर मोलाची. पण गणित-विज्ञान सुटले की आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनसारख्या ट्रेडची (व्यवसाय-अभ्यासक्रमाची) दारे मिटतात. नववीचे विषय आठवी संपताना ठरतात, म्हणून बदली विषयाला होकाराची सही करण्याआधी पालकांनी ट्रेडनिहाय पात्रतेची यादी मागायलाच हवी.

कामाची सवय मात्र सहावीपासूनच लावता येते. काजूगरांचे २५० ग्रॅमचे पाकीट घ्या. रिकामी पिशवी काट्यावर ठेवणे, काटा शून्यावर आणणे, गर घालणे, २५० ला थांबणे, पिशवी सील करणे, लेबल लावून खोक्यात ठेवणे. शिकवताना शेवटून सुरुवात करावी: आधी फक्त लेबल आणि खोके मुलाकडे, बाकी शिक्षिकेकडे, ते जमले की त्याच्या आधीची एकेक पायरी मुलाकडे. गरम सीलर सर्वांत उशिरा. चूक बहुधा शून्यावर होते. पिशवीचे वजन गरांत धरले जाते. काट्याशेजारी ‘२५०’ लिहिलेले कार्ड चिकटवले की आकडा जुळवता येतो. ‘आता थांब’ असे दर वेळी तोंडाने सांगितले, तर मूल काट्याकडे न बघता शिक्षिकेच्या तोंडाकडे बघू लागते आणि ती सवय सुटता सुटत नाही. सातवीत काटाही बदलावा. एकाच काट्यावर शिकलेले मूल दुकानातल्या वेगळ्या बटणांपुढे अडते.