पोटात 14 इंजेक्शनं? कधीच बंद झालीत ती!

घरी कुत्रं-मांजर आणलं की आजी-मामा सगळे पोरांना एकच दम देतात, चावलं तर पोटात 14 इंजेक्शनं घ्यावी लागतील हां! मग होतं काय, मोत्याशी खेळताना दात लागला तरी पोरगं बाही खाली ओढून गप्प बसतं, आमच्याकडे झालंय हे, दोन दिवसांनी अंघोळीच्या वेळी कळलं.

तर ती पोटातली इंजेक्शनं रेबीजच्या जुन्या लसीची होती, मेंढीच्या मेंदूपासून बनवायचे ती, आणि भारतात ती 2004-05 च्या सुमारास बंद झाली. आता दंडात (लहानग्यांना मांडीत) 4-5 डोस, 0 (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), 3, 7 अशा ठरलेल्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेतही वेगळं औषध टोचतात.

त्यामुळे पोरांना मोत्याचं खाणं-पाणी, ब्रशिंग शिकवताना हेपण शिकवा की चावलं, ओरखडलं तर लगेच सांगायचं, कोणी ओरडणार नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची, हळद-चुना-तिखट काहीही चोपडायचं नाही (हो, तिखट लावणारे अजून आहेत!) आणि त्याच दिवशी डॉक्टर, मोत्याला लस दिलेली असली तरी.