क्रील सर्वेक्षण

नदीवर हौसेने गळ टाकणाऱ्यांनी एका हंगामात किती मासे धरले, याचा अंदाज मोजणी आणि मुलाखती यांच्या आधारे बांधण्याच्या नमुना-पाहणीला क्रील सर्वेक्षण म्हणतात. धरलेले मासे ठेवायच्या टोपलीला इंग्रजीत ‘क्रील’ म्हणतात. त्यावरून हे नाव पडले. अलास्कातील केनाई नदीच्या खालच्या पट्ट्यात चिनूक सॅमन या समुद्रातून नदीत अंडी घालायला चढणाऱ्या माशासाठी राज्याच्या मत्स्य व शिकार विभागाने ही पद्धत अनेक वर्षे राबवली आहे. याच नदीत 1985 मध्ये 97 पौंड 4 औंस, म्हणजे सुमारे 44 किलो वजनाचा चिनूक गळाला लागला आणि तो जागतिक विक्रम ठरला.

सर्वेक्षणाची दोन अंगे आहेत. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यदृच्छेने निवडलेल्या दिवशी आणि वेळी होडीतून पट्टाभर फिरून गळ टाकून बसलेली माणसे मोजतात; त्या सरासरीला मासेमारीच्या तासांनी गुणले की दिवसभराचे एकूण ‘गळ-तास’ मिळतात. दुसरीकडे होड्या काठाला लागतात तेथे मुलाखतकार उभा असतो. गळ किती तास पाण्यात होता, किती मासे ठेवले आणि किती सोडून दिले, हे तो विचारतो. ठेवलेल्या माशाची लांबी डोळ्याच्या मध्यापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोजतो आणि वय ठरवण्यासाठी काही खवले काढून घेतो, कारण खवल्यावरील वलयांत माशाची वर्षे वाचता येतात. समजा, सरासरी 120 माणसे 20 तास गळ टाकून होती, तर 2,400 गळ-तास झाले. मुलाखतींतील 250 तासांत 5 मासे ठेवलेले आढळले, तर त्या दिवसाचा अंदाज 48 माशांचा होतो.

यात रिकाम्या हाताने परतणाऱ्याची मुलाखत मासा घेऊन येणाऱ्याच्या मुलाखतीइतकीच मोलाची असते. मुलाखतकार नुसता मासे दिसतील तिकडे वळला, तर सारा अंदाज फुगतो. मासेमारी चालू असताना मध्येच विचारले, तर जास्त वेळ थांबणारी माणसेच अधिक भेटतात. म्हणून फेरी संपल्यानंतरची मुलाखत अधिक भरवशाची मानतात. वाटाड्या घेऊन येणारे आणि आपापले येणारे, तसेच कामाचे दिवस आणि शनिवार-रविवार यांचे हिशेब वेगळे ठेवतात. मे-जूनमध्ये चढणारे चिनूक मुख्यतः उपनद्यांकडे, तर जुलैपासून चढणारे मुख्य प्रवाहातच अंडी घालायला जातात, त्यामुळे त्या दोन लाटाही वेगळ्या धरतात.

सोडलेले मासेही हिशेबाबाहेर राहत नाहीत, कारण गळाच्या जखमेने त्यांतील काही पुढे मरतात. अंदाजाबरोबर त्याची प्रमाण त्रुटीही, म्हणजे तो किती कमी-जास्त असू शकतो याचे मापही, देणे बंधनकारक मानावे, इतके ते आवश्यक आहे.

अलास्कात 1977 पासून टपालाने राज्यव्यापी पाहणीही होते, पण तिचे आकडे हंगाम सरल्यावर हाती येतात. क्रील सर्वेक्षणाचे आकडे हंगाम चालू असतानाच मिळत असल्याने, नदीत चढणाऱ्या माशांच्या सोनार-मोजणीशी (पाण्यात ध्वनिलहरी सोडून केलेल्या मोजणीशी) ते ताडून पाहून मासेमारीवर वेळीच निर्बंध घालता येतात.