पार्श्वभूमी : मधल्या तुकड्यावरचा हक्क

१९०४ सालच्या मार्चमध्ये अमेरिकी लष्कराच्या शस्त्रास्त्र विभागाचे प्रमुख जनरल विल्यम क्रोझियर यांनी जर्मनीतल्या माउझर कंपनीला पत्र लिहिले. आमच्या नव्या स्प्रिंगफील्ड रायफलीत काडतुसे भरायला जी क्लिप, म्हणजे काडतुसे एकत्र धरणारी पत्र्याची पट्टी, वापरतो, ती तुमच्या पेटंटमध्ये येते का, अशी विचारणा होती. माउझरने तपासून कळवले : क्लिप तर येतेच, रायफलसुद्धा येते. क्लिपवर दोन आणि रायफलीवर पाच पेटंटांचा दावा निघाला. एका पत्र्याच्या पट्टीबद्दल विचारायला गेलेल्या सरकारच्या गळ्यात अख्खी बंदूक पडली. १९०५ मध्ये करार झाला. दर रायफलीमागे ७५ सेंट, दर हजार क्लिपांमागे ५० सेंट, एकूण रक्कम २ लाख डॉलर होईपर्यंत. १९०९ पर्यंत अमेरिकेने ती चुकती केली.

या पट्टीचे महत्त्व अमेरिकेला सहा वर्षे आधी क्यूबात कळले होते. १८९८ च्या युद्धात सँटियागोभोवतीच्या टेकड्यांवर स्पॅनिश सैनिकांकडे माउझर रायफली होत्या. क्लिप खाचेत टेकवायची, अंगठ्याने दाबायचे, पाचही काडतुसे एका दमात आत. अमेरिकी सैनिकांच्या क्राग रायफलीतही पाचच काडतुसे मावत. पण ती बाजूच्या झडपेतून सुटी सुटी भरावी लागत. नेम तेवढाच चांगला असला तरी भरण्यातच वेळ जाई.

काडतूस बंदुकीत पोचवायचे कसे, हा प्रश्न त्याही आधीचा. क्रिस्टोफर स्पेन्सरने १८६० साली दस्त्यात सात काडतुसांची नळी बसवली. त्याच वर्षी पेटंट मिळालेल्या हेन्री रायफलीत ती नळी गोळी सुटणाऱ्या नळीखाली गेली. नळीत काडतुसे एकामागे एक राहतात, म्हणजे मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, म्हणजे नेमके ठिणगी पडते त्या जागी, टेकते. टोकदार गोळ्या आल्यावर ही रचना धोक्याची ठरली. जेम्स पॅरिस ली यांच्या १८७९ च्या पेटंटात काडतुसे एकावर एक रचलेली पेटी आणि त्यांना खालून वर ढकलणारी स्प्रिंग आहे. ब्रिटिशांच्या ली-मेटफर्ड आणि ली-एन्फील्ड रायफलींच्या नावातले ‘ली’ ते हेच.

ऑस्ट्रियाच्या फर्डिनांड मानलिखर यांनी काडतुसे क्लिपसकट पेटीत घालायची पद्धत काढली. ती क्लिप रिकामी झाली की खाली गळून पडे. जर्मन लष्कराने १८८८ च्या रायफलीत ही कल्पना विनापरवाना उचलली आणि भरपाई म्हणून मानलिखर यांच्या रायफली बनवणाऱ्या स्टायर कारखान्याला त्याच रायफलींच्या निर्मितीचे काम दिले. माउझरची पट्टी यानंतरची. तिच्यात क्लिप बंदुकीत राहतच नाही, काडतुसे सोडून बाजूला होते.

भांडण बंदुकीपेक्षा या पट्टीवरून सुरू होण्यात, मला वाटते, एक तर्क आहे. क्लिप बदलायची तर रायफलीवरची खाच बदलावी लागते, आणि क्लिपांत भरूनच बाहेर पडणाऱ्या काडतुसांची बांधणीही. मधला तुकडा दोन्ही बाजूंना बांधलेला असतो, म्हणून त्याच्या मालकाला टाळून जाता येत नाही.

संगणकांच्या सामायिक साठवणुकीत असा मधला तुकडा १९९० च्या दशकात आला. तोवर डिस्क ज्या सर्व्हरची, त्याच्याच पोटात किंवा शेजारी; डिस्क जोडणारी स्कझी केबल काही मीटरपलीकडे फारशी जात नसे. फायबर चॅनेल या नव्या जोडणीने हे अंतर किलोमीटरांत नेले, पण नवीच अडचण उभी राहिली : सगळ्या सर्व्हरना सगळ्या डिस्क दिसू लागल्या. विंडोज एनटी या संगणक-प्रणालीची सवय अशी की दिसेल ती डिस्क ते आपलीच समजे. शेजाऱ्याच्या माहितीवर आपले लिखाण होण्याची भीती खरी होती.

टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या क्रॉसरोड्स सिस्टिम्सने ३१ डिसेंबर १९९७ रोजी अर्ज केला आणि ऑगस्ट १९९९ मध्ये पेटंट मिळवले. मध्ये एक स्टोरेज राउटर, म्हणजे संगणक आणि डिस्क यांना जोडणारे यंत्र. त्यात नकाशा, कोणत्या संगणकाला साठवणुकीचा कोणता तुकडा दिसावा याचा. आपला तुकडा ज्याला त्याला स्वतःच्या स्थानिक डिस्कसारखा दिसतो, उरलेले दिसतच नाही. क्रॉसरोड्सने चॅपरल आणि पाथलाइट या कंपन्यांवर खटले भरले, २००१ मध्ये ऑस्टिनच्या ज्यूरीने क्रॉसरोड्सच्या बाजूने कौल दिला, आणि पुढे परवान्यांचे उत्पन्न हाच कंपनीचा मोठा आधार झाला.

मग सिस्को, ओरॅकल, नेटअ‍ॅप यांच्याशी गाठ पडली. त्यांनी न्यायालयातल्या बचावासोबत पेटंट कार्यालयातही आव्हान दिले आणि पुरावा म्हणून जुनी वापर-पुस्तिका काढली : सीएमडी टेक्नॉलॉजीच्या सीआरडी-५५०० या रेड कंट्रोलरची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या यंत्राची. कोणत्या संगणकाला कोणती साठवण दाखवायची, हे ठरवायची सोय त्या यंत्रात आधीच होती. पेटंट कार्यालयाच्या मंडळाने जानेवारी २०१६ मध्ये या पेटंट-कुळातले आव्हान दिलेले दावे, म्हणजे पेटंटमधली हक्काची कलमे, रद्द ठरवले, जून २०१७ मध्ये अपील न्यायालयाने ते कायम केले. दोन महिन्यांनी क्रॉसरोड्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. दावे टिकले असते, तरी मूळ पेटंटची २० वर्षांची मुदत त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपणारच होती.